शब्दचर्चा : निर्वसाहतीकरण, मुक्ती आणि एक संशयास्पद ‘मुळे’

पाटीपेन्सिल :
नमस्कार मंडळी. पदवीच्या इतिहासाच्या जुन्या प्रश्नपत्रिका मराठीत नीट करून देण्याचं काम हाती घेतलंय. त्यातला एक प्रश्न असा आहे : ‘महासत्तांच्या स्पर्धेमुळे झालेल्या निर्वसाहतीकरणाची कारणे स्पष्ट करा.’ मला दोन ठिकाणी अडखळायला होतं. ‘निर्वसाहतीकरण’, म्हणजे वसाहती परक्या सत्तेतून सुटणं, हा शब्द मुलांच्या तोंडी बसत नाही. ‘वि-वसाहतीकरण’ आणि ‘वसाहतमुक्ती’ हेही वाचनात आलेत. दुसरी अडचण ‘मुळे’ची. कारण आधीच सांगून टाकलं, तर विद्यार्थ्याने स्पष्ट काय करायचं? जाणकारांनी सांगावं.

खडीसाखर :
आमच्याकडे वसाहत म्हणजे एमआयडीसी, नाहीतर पाटबंधारे खात्याची कॉलनी. निर्वसाहतीकरण म्हटलं की मला नगरपालिकेचा जेसीबी दिसतो.

बोरूबहाद्दर :
सरकारी ‘निश्चलनीकरण’ कागदावरच राहिलं आणि लोक ‘नोटाबंदी’ म्हणून मोकळे झाले, तशातलाच प्रकार. इथे तर लोकांचा शब्द आधीपासून आहे : मुक्ती. गोवा मुक्ती, मराठवाडा मुक्ती. ‘निर्वसाहतीकरण’ हा निर्जंतुकीकरण, निर्बीजीकरण यांच्या पंगतीत बसणारा शब्द. कुणी केलं ते त्यात दिसतच नाही. मी ‘वसाहतमुक्ती’ला मत देतो.

दर्यावर्दी :
बोरूबहाद्दर, शब्द तुमचाच घेऊ, पण ‘वसाहत’ या शब्दावरूनच केवढं राजकारण झालंय ते गोव्यात पाहा. १९५१ मध्ये हुकूमशहा सालाझारच्या राजवटीने पोर्तुगालच्या घटनेत बदल केला आणि ‘वसाहती’ रद्द करून त्यांना ‘सागरपार प्रांत’ म्हटलं. गोवा, अंगोला, मोझांबिक सगळे एका रात्रीत प्रांत. पुढे १९५५ च्या डिसेंबरात पोर्तुगालला संयुक्त राष्ट्रांत प्रवेश मिळाला. आपल्या ताब्यातल्या परस्वाधीन प्रदेशांची माहिती द्या असं तिथे सांगण्यात आलं, तेव्हा त्यांचं उत्तर तयार होतं : आमच्याकडे तसे प्रदेशच नाहीत! जिथे वसाहत नाही तिथे निर्वसाहतीकरण कसलं? फ्रान्सनेही अल्जीरियाला आपले जिल्हे करून ठेवलंच होतं. तिथे तर आठ वर्षं युद्ध चाललं.

आता महासत्ता, म्हणजे अमेरिका आणि सोव्हिएत संघ. त्याच डिसेंबरात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांबरोबर संयुक्त निवेदन काढलं. त्यात गोव्याचा उल्लेख पोर्तुगालचा ‘प्रांत’ अशा अर्थाने आला. त्याच सुमारास सोव्हिएत नेते बुल्गानिन आणि ख्रुश्चेव भारताच्या दौऱ्यावर होते आणि गोव्याच्या प्रश्नावर उघडपणे भारताची बाजू घेत होते. डलेसना गोव्याशी काय देणंघेणं असणार? पोर्तुगाल नाटो या अमेरिकेच्या लष्करी गटाचा संस्थापक सदस्य, आणि त्याच्या अझोर्स बेटांवरचा लाजेसचा विमानतळ अमेरिकेला हवा होता. गंमत म्हणजे नाटोच्या करारात संरक्षणाचा प्रदेश उत्तर अटलांटिकपुरता आखलेला, त्यामुळे गोव्यासाठी नाटो धावून येणं कागदोपत्रीही शक्य नव्हतं.

मार्च १९६१ मध्ये केनेडी सरकारने सुरक्षा परिषदेत अंगोलाच्या प्रश्नावर चक्क सोव्हिएत संघाबरोबर, पोर्तुगालच्या विरोधात मत दिलं. आफ्रिकेतले नवे देश मॉस्कोकडे झुकू नयेत ही काळजी. आणि १८ डिसेंबर १९६१ ला भारतीय फौजा गोव्यात शिरल्यावर तीच अमेरिका शस्त्रसंधी आणि फौजा माघारीच्या ठरावाच्या बाजूने उभी. ठरावाला सात मतं, विरोधात चार. विरोधातली तीन मतं सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक म्हणजे इजिप्तची, चौथं सोव्हिएत संघाचं. ते चौथं म्हणजे नकाराधिकार, त्यामुळे ठराव पडला. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली.

सुपारीफुटी :
म्हणजे गोवा रशियाने सोडवला म्हणायचा? मडगावात १८ जून १९४६ ला लोहियांची सभा झाली तेव्हा शीतयुद्ध हा शब्दही कुणाच्या कानावर नव्हता. १९५४ मध्ये दादरा-नगर हवेली मोकळी केली ती मूठभर स्वयंसेवकांनी, त्यांत सुधीर फडके होते. १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीच्या सीमेवर सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यांना कुठल्या महासत्तेने पाठवलं होतं? आणि १९४७ चं काय? फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नौदलाच्या ‘तलवार’ तळावरच्या खलाशांनी बंड केलं, युद्धाने इंग्लंडची तिजोरी रिकामी झाली होती, उलट भारताचंच पौंडांत देणं त्यांच्या डोक्यावर होतं. त्या सगळ्यात मॉस्को आणि वॉशिंग्टन कुठे बसतात? हे ‘मुळे’ खोडाच.

दर्यावर्दी :
रशियाने सोडवला असं मी लिहिलं नाही. सुटण्याची इच्छा आणि धडपड इथलीच. पण सालाझार हट्टाला पेटला होता आणि भारत चौदा वर्षं थांबला होता. तेव्हा धक्का द्यायला संधी कधी मिळते याचं गणित बाहेरही चाललेलं असतं, एवढंच.

बोरूबहाद्दर :
सुपारीफुटी, मुद्दा पटला, पण गणित बाहेरही चालतं याचं याहून चांगलं उदाहरण इंडोनेशियाचं आहे. मराठवाड्यातल्या लोकांना त्यातला एक शब्द ओळखीचा वाटेल.

१७ ऑगस्ट १९४५ ला तिथले राष्ट्रवादी पुढारी सुकार्नो आणि हट्टा यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं. जुने मालक डच परत आले आणि जुलै १९४७ मध्ये, मग डिसेंबर १९४८ मध्ये त्यांनी मोठ्या लष्करी मोहिमा काढल्या. त्यांना नाव दिलं ‘पोलीस कारवाई’. युद्ध म्हटलं की समोर दुसरं राष्ट्र आहे हे कबूल होतं. पोलीस म्हटलं की प्रश्न घरातला. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबादेत आपणही लष्कर पाठवलं आणि म्हटलं ‘पोलीस अ‍ॅक्शन’. मराठवाड्यात म्हातारी माणसं अजून काळ मोजताना ‘पोलीस अ‍ॅक्शनच्या आधी’, ‘नंतर’ असं म्हणतात. दोन्ही प्रकरणं सारखी होती असं माझं म्हणणं नाही. पण शब्दाचा उपयोग दोन्हीकडे एकच झाला.

तर डचांकडे परत. युद्धानंतर त्यांचं घर अमेरिकेच्या मार्शल योजनेच्या पैशावर उभं राहत होतं. अमेरिका सुरुवातीला डचांना दुखवायला तयार नव्हती, कारण पश्चिम युरोप सांभाळायचा होता. सप्टेंबर १९४८ मध्ये जावातल्या मदियुनला कम्युनिस्टांनी उठाव केला आणि तो इंडोनेशियाच्या प्रजासत्ताकानेच मोडून काढला. वॉशिंग्टनला कळलं की ही मंडळी राष्ट्रवादी आहेत, लाल नाहीत. डिसेंबरात डचांनी दुसरी कारवाई करून सुकार्नोंना पकडलं, तेव्हा अमेरिकेने डच ईस्ट इंडीजसाठीची मदत थांबवली आणि नेदरलँड्सचीही थांबवा अशी मागणी सेनेटमध्ये होऊ लागली. जानेवारी १९४९ मध्ये नेहरूंनी दिल्लीत इंडोनेशियासाठी परिषद भरवली. गनिमी लढाईही थांबली नव्हती. वर्षअखेर, २७ डिसेंबर १९४९ ला डचांना सत्ता सोडावी लागली.

आणि बाजूलाच व्हिएतनाम. तिथे पुढारी हो चि मिन्ह, म्हणजे कम्युनिस्ट. तीच अमेरिका, तीच भीती, पण तिथे ती फ्रेंचांना पैसे पुरवत गेली. १९५४ मध्ये दिएन बिएन फूला फ्रेंच हरले तेव्हा त्यांच्या युद्धाच्या खर्चाचा मोठा हिस्सा अमेरिका उचलत होती. म्हणजे एकाच स्पर्धेने एका मालकाचा हात पिरगाळला आणि दुसऱ्याच्या हातात काठी दिली. हे कारण नव्हे, फार तर पारडं. पाटीपेन्सिल, म्हणून ‘मुळे’ काढा.

खडीसाखर :
मग ‘स्पर्धेचा फायदा घेऊन’ म्हणू या का? आफ्रिकेतल्या गिनीने १९५८ मध्ये फ्रान्सच्या द गॉलना ‘तुमच्याबरोबर राहणार नाही’ म्हटलं, फ्रेंच तणतणत सगळं गुंडाळून निघून गेले, आणि गिनीने मॉस्कोकडे हात पसरला. इजिप्तच्या नासेरने तर दोन्ही दारं वाजवली. आस्वान धरणाला अमेरिकेने पैसे नाकारले म्हणून सुवेझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण, मग धरण रशियाच्या मदतीने.

सुपारीफुटी :
आणि काँगो? ३० जून १९६० ला स्वातंत्र्य, पंतप्रधान लुमुंबांनी सोव्हिएत मदत मागितली, जानेवारी १९६१ मध्ये लुमुंबांचा खून. ‘फायदा घेऊन’ हा शब्द त्यांच्या घरच्यांपुढे उच्चारून दाखवा.

दर्यावर्दी :
सुपारीफुटी बरोबर आहेत, ‘फायदा’ फार चतुर शब्द झाला. माझं मत ‘काळात’ला. ‘महासत्तांच्या स्पर्धेच्या काळात वसाहती कोणत्या कारणांनी मुक्त झाल्या?’ त्यात चळवळी आल्या, युद्धाने खिळखिळे झालेले मालक आले, संयुक्त राष्ट्रांचा १४ डिसेंबर १९६० चा १५१४ क्रमांकाचा ठराव आला. त्याच्या बाजूने ८९ मतं पडली, विरोधात एकही नाही, आणि तटस्थ राहिलेल्या नऊ देशांत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, पोर्तुगाल एकत्र. स्पर्धा चांगल्या विद्यार्थ्याच्या उत्तरात आपोआप येईलच.

बोरूबहाद्दर :
अजून एक शब्द सांभाळा, ‘सत्तांतर’. हल्लीच्या मराठीत तो मुंबईत सरकार बदललं की वापरतात. १९४७ साठी ‘सत्तेचं हस्तांतरण’ लिहिलं तर मालकाने स्वखुशीने किल्ल्या दिल्यासारखं वाटतं. डचांनी नेमकं हेच केलं. त्यांच्या लेखी इंडोनेशियाचं स्वातंत्र्य २७ डिसेंबर १९४९ चं, त्यांनी दिलं तेव्हाचं. १७ ऑगस्ट १९४५ ही तारीख मान्य असल्याचं त्यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी सांगितलं ते २००५ मध्ये.

पाटीपेन्सिल :
सगळ्यांचे आभार. प्रश्न असा केला : ‘महासत्तांच्या स्पर्धेच्या काळात आशिया व आफ्रिकेतील वसाहती मुक्त होण्यामागील कारणे स्पष्ट करा.’ संयुक्त राष्ट्रांच्या ठरावांवरच्या प्रश्नात मात्र ‘निर्वसाहतीकरण’ राहू दिलंय, तिथे कामकाज कार्यालयीनच आहे. खडीसाखर, जेसीबीचं तुम्ही विद्यार्थ्यांच्या मनातलंच बोललात, म्हणून शब्दसूचीत वसाहत या शब्दाचे दोन्ही अर्थ घालतेय.

खडीसाखर :
तीन घाला. आमच्या तालुक्यात मधमाश्यांचीही असते.