बीसीएए घ्यावं की दूध वाढवावं? (मल्लखांब, बडोदा)

मांजलपूरकर:
नमस्कार मंडळी. वय २०, वजन ५८ किलो. दांडिया बाजारजवळच्या आखाड्यात रोज सकाळी दीड तास मल्लखांब, आठवड्यातून तीनदा जिम. जिममधले सर म्हणतात, बीसीएए (पाण्यात घालून प्यायची अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनांच्या घटकांची पावडर) चालू कर, नाहीतर मसल गळतील. महिन्याच्या डब्याला १,९०० रुपये. आम्ही शाकाहारी, घरी वरण-भात, पोळी, ताक. बाबांकडे इतके पैसे मागायचं जिवावर येतं. खरंच फरक पडतो का?

सयाजीगंजची मावशी:
बाळा, डबा घेऊ नकोस. कॉलेजात ४०० मीटर धावायचे तेव्हा मी वर्षभर ते गुलाबी पाणी प्यायले, टायमिंग जागचं हललं नाही. पुढे आहारशास्त्र शिकले तेव्हा कळलं की दिवसाची प्रथिनंच चाळीस ग्रॅमवर अडकली होती.

बीसीएएमध्ये तीनच अमिनो आम्लं: ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन. स्नायू बांधायला शरीर स्वतः बनवू न शकणारी नऊच्या नऊ लागतात. ल्युसिन कामाला सुरुवात करून देतं, पण उरलेली सहा आहारातून आली नाहीत तर शरीर ती आपल्याच स्नायूंतून काढतं.

तुला किलोमागे १.६ ग्रॅम, म्हणजे रोज साधारण ९३ ग्रॅम प्रथिनं हवीत. वाटीभर घट्ट वरणात जेमतेम सात. वरणात मेथिओनिन कमी, गहू-तांदळात लायसिन कमी, त्यामुळे वरण-भात एकमेकांची उणीव भरून काढतात. कमी पडतं ते प्रमाण. कबड्डी खेळणाऱ्या भाच्याला मी असं लावून दिलंय: व्यायामानंतर अर्धा लिटर दूध (१६ ग्रॅम) आणि मूठभर भाजके शेंगदाणे (७), दुपारी ५० ग्रॅम कोरडी सोयावडी (२६), रात्री १०० ग्रॅम पनीर (१८). बाकीचं वरण-पोळीतून येतं. सोयावडी गरम पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळायची, नाहीतर तो वास रश्शात उतरतो आणि मुलं ताट सरकवतात.

वाडीवाला:
मावशींशी सहमत. स्पर्धेला उतरणार असशील तर आणखी एक: डब्यावर न छापलेलं बंदी घातलेलं द्रव्य आत निघालं, तरी डोपिंगच्या नियमांत जबाबदार खेळाडूच. अशा पावडरींपैकी जिचा उपयोग नीट सिद्ध झालाय ती क्रिएटिन, रोज ३ ते ५ ग्रॅम. पण त्याने स्नायूंत पाणी धरून किलोभर वजन वाढू शकतं, आणि खांबावर ते किलोभरही हाताला जाणवतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

मांजलपूरकर:
मावशी, काल आईचा स्वयंपाकघरातला काटा घेऊन दिवसभराचं सगळं मोजलं. ५१ ग्रॅम भरलं! मला वाटायचं आपण भरपूर खातो. दूध आजपासून वाढवलं. सोयावडी आईने कधी केलेली नाही. रविवारी गोडा मसाला घालून करू म्हणाली. तुम्ही पिळून झाल्यावर आधी परतता, की थेट रश्शात टाकता?

सयाजीगंजची मावशी:
आधी चमचाभर तेलात, कडा तांबूस होईपर्यंत परत. मग रस्सा.