सहा फुटी बोआ सापाला तीन फुटी पेटी? ‘पुरते’ म्हणणाऱ्यांसाठी

डिचोलीकर: काल एकाने लिहिलं, ‘सहा फुटी बोआला तीन फुटांची प्लास्टिकची पेटी पुष्कळ. साप वेटोळं करूनच बसतो, मोठी जागा दिली की बिथरतो, खाणं सोडतो.’ वाचल्यापासून डोकं फिरलंय.

अहो, वेटोळं करूनच बसतो, कारण दुसरं काही करायला तुम्ही जागाच ठेवली नाहीत. माझी मादी पावणेसहा फूट. सहा बाय अडीच बाय अडीचची पेटी केली, तर चौथ्या रात्री दीड वाजता बाई मागच्या भिंतीला धरून सरळ लांब पसरलेल्या. खाणं सुटतं ते लपायला आडोसा नसला की. गरम बाजूला एक, थंड बाजूला एक, अंग चोपून बसता येईल असे आडोसे ठेवा, मग बोला.

आणि परदेशी व्हिडिओ बघून वरची जाळी झाकणं थांबवा. तिकडे हिवाळ्यात घरात हवा कोरडी, म्हणून ओल धरून ठेवायची धडपड. इथे जुलैत डब्यातला पापड सादळतो! ओलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) तसंच राहिलं की पोटाखालच्या खवल्यांना कूज लागते. पावसाळ्यात मी सरळ वर्तमानपत्र अंथरतो, पाण्याचं भांडं गरम बाजूपासून लांब ठेवतो. मे महिन्यात तर खोलीच ३४ अंशांवर जाते, तेव्हा हीटर कसला लावता? तेव्हा थंड कोपरा शोधा.

म्हापशेकर७: ‘एकाने’ म्हणजे मी. नाव घ्यायला जीभ अडखळली का? माझा बोआ नऊ वर्षं त्याच पेटीत आहे. खातो, कात अखंड टाकतो. तुमच्या एका रात्रीच्या दर्शनापेक्षा माझी नऊ वर्षं जड.

डिचोलीकर: जगला म्हणजे सुखात आहे असं नव्हे. गोवासुद्धा पोर्तुगीजांखाली ४५१ वर्षं जगलाच होता.

फोंडेकरीण: भांडण बाजूला ठेवा, पेटी कशाची करायची ते सांगा. आम्ही मरीन प्लायची केली. दुसऱ्या पावसात कडा फुगल्या, सरकती काच रुतली, मागून बुरा चढला. सुतार येऊन बघून गेला, म्हणाला, ‘बाये, पावस चड आसा,’ म्हणजे पाऊस फार आहे. त्यानंतर फोन उचलत नाही. पाऊस चड असतो हे त्याला पैसे घेताना माहीत नव्हतं?

रंधा_पटाशी: आला सुतारावर घसरून! मरीन प्लायचा गोंद पाणी सोसतो, कापलेली कड नाही. कडा बंद करायचे वेगळे पैसे सांगितले की गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं.

फोंडेकरीण: आम्ही दिले होते. वर चहा, आणि दोन दिवस दुपारचं शीतकडीही.

रंधा_पटाशी: मग चवथीच्या तोंडावर काम दिलं असेल. त्या महिन्यात मखर, माटोळीची (गणपतीवर फळं-पानं टांगायची) चौकट, पाहुण्यांसाठी दारं. सापाच्या पेटीकडे कोण बघतो?

फोंडेकरीण: मे महिन्यात दिलं होतं. चवथीला मिळाली.

मडगावचो: म्हणूनच काच घ्या. सुतारही नको, बुराही नको.

डिचोलीकर: सहा बाय दोन बाय दोनची पेटी ८ मिलिमीटर काचेत केली, तर वरचं झाकण सोडून नुसती काचच ऐंशी किलोंवर जाते. तिसऱ्या मजल्यावर कोण चढवणार, तुम्ही? मी डब्ल्यूपीसी बोर्ड वापरला, लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेला. फुगत नाही. मात्र दिव्याच्या धगीने मऊ पडतो, म्हणून दिवा भिंतीपासून लांब आणि त्याला जाळीचा पिंजरा. नाहीतर बोआ थेट दिव्याला विळखा घालून भाजून घेतो. थर्मोस्टॅट हवाच. आणि सरकत्या काचेला कुलूप हवं. नाकाने रेटून रेटून फट करतात.

वाळपईकर: तुमचं चालू द्या. आमच्याकडे कोंबड्यांच्या खुराड्यात अजगर शिरला की हल्ली पोरं विचारतात, ‘याला किती फुटांची पेटी?’ आपला अजगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मधला, वनखात्याला कळवा, विषय संपला. बोआवाल्यांनी परिवेश पोर्टलवर (परदेशी प्राणी पाळणाऱ्यांची सरकारी नोंद होते तिथे) नोंद केलीये का, की नुसतीच इंचपट्टी घेऊन बसलाय?

म्हापशेकर७: माझी आहे. डिचोलीकरांचं त्यांना विचारा.

डिचोलीकर: आहे. २०२४ चे नियम आले तेव्हाच केली.

म्हापशेकर७: बरं बाबा, तुम्ही थोर. गणेशोत्सवानंतर पाच फुटांची करतो, म्हणजे तुमचं डोकं ठिकाणावर येईल. पाचच हां. सहा फूट माझ्या खोलीत बसत नाही, बायको बसू देत नाही.

फोंडेकरीण: डब्ल्यूपीसी किती जाडीचा घेतलात?

डिचोलीकर: १८ मिलिमीटर. स्क्रूला आधी भोक पाडून घ्या.

रंधा_पटाशी: मापं मलाही पाठवा. साप नाही माझ्याकडे. चपलांच्या कपाटालाही बुरा येतोय.