सत्कार कुणाचा करायचा?

'पुरस्कार व्यक्तीलाच द्यावा, संस्थेला दिला की तो कुणाचाच राहत नाही' हे मत मला पटलं नाही. रेडक्रॉसची कल्पना मांडणारे आंरी द्युनां यांना १९०१ साली पहिलं शांतता नोबेल विभागून मिळालं. दिवाळखोरीनंतर जग त्यांना जवळजवळ विसरलं होतं, त्यामुळे तो मान मोलाचाच. पण आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीलाही १९१७, १९४४ आणि १९६३ असं तीनदा नोबेल मिळालं. युद्धकैद्यांची एकेक नोंद ठेवणारे आणि त्यांच्या घरच्यांना खुशाली कळवणारे असंख्य हात त्यामागे होते. त्यातल्या कुणा एकाला निवडणार कसं?

मला खरी खटकते ती मानपत्राची भाषा. 'निःस्वार्थ सेवा', 'समाजऋण' वगैरे शब्द कुणालाही चिकटवता येतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, रात्रीसुद्धा. हे काम करणाऱ्या एका मावशींना मी पाहिलंय. रुग्ण झोपेत असला तरी हात लावण्याआधी त्या हळूच त्याचं नाव घ्यायच्या. मानपत्रात हे लिहा की! आणि रात्रपाळीतल्या सगळ्यांची नावंही मोठ्याने वाचा, वेळ लागला तरी लागू दे.