पेन्शन आहे म्हणून पीएफ नको? सिव्हिलमध्ये आलेल्या फौजींनी यावर बोला

चिंचोळीचा_हवालदार

जय हिंद मंडळी. फौजेतून पेन्शनवर आलो, आता चिंचोळी एमआयडीसीत सिक्युरिटी सुपरवायझर आहे. आमच्याकडं अधूनमधून नवा फौजी जॉईन होतो. कुणी मोहोळचा, कुणी माढ्याचा, वय ३६ ते ४०. जॉईन होताना फॉर्म ११ पुढं येतो. त्यात विचारलेलं असतं, आधी पीएफचे सभासद होता का, पीएफला जोडलेल्या १९९५च्या पेन्शन योजनेत होता का. फौजेतला फंड वेगळा, म्हणून दोन्हींपुढं 'नाही'. मग टेबलापलीकडचा माणूस खालच्या ओळीवर बोट ठेवून म्हणतो, "साहेब, तुम्हाला तर पेन्शन चालू आहे. बेसिक-डीए १५,०००च्या वर जातोय, पीएफ सक्तीचा नाही. इथं सही करा, हातात जास्त येतील." आणि आपला गडी सही ठोकून मोकळा होतो.

ती सही करू नका, एवढंच सांगायला हा धागा काढलाय. १७ वर्षं फौजेत गेली, ३८व्या वर्षी बाहेर पडलो, तर ५८पर्यंत २० वर्षं सिव्हिलची आहेत. दुसरी नोकरी पहिलीपेक्षा लांब आहे. पहिलीनं पेन्शन दिली, मग दुसरीनं रिकाम्या हातानं का पाठवायचं?

हिशेब मांडतो. १५,०००च्या मर्यादेवर धरला तरी १२ टक्क्यांनी तुमचे १,८०० आणि मालकाचे १,८०० होतात. नव्यानं येणाऱ्याचा पगार मर्यादेच्या वर असेल तर त्याला पेन्शन योजनेत घेत नाहीत, त्यामुळं मालकाचाही सगळा वाटा फंडातच पडतो. महिना ३,६००. सध्याचा ८.२५ टक्के व्याजदर राहिला असं धरलं तर २० वर्षांत २१ लाखांच्या आसपास जमतात. सुरुवात पहिल्या पगारापासून हवी. "दोन वर्षांनी बघू" म्हणणाऱ्याची दोन वर्षं कधी संपत नाहीत.

मंगळवेढ्याचा_नाईक

साहेब, मान ठेवून सांगतो, मला हे पटलेलं नाही.

मी स्वतः ती सही केली आहे आणि विचार करून केली आहे. शेवटचा पगार ४०,०००, त्यावर पेन्शन बसली २०,०००. निम्मी विकली, म्हणजे तिच्याबदली एकरकमी पैसे घेतले, जवळपास ११ लाख आले, ते घरात आणि बहिणीच्या लग्नात गेले. आता ऐका. विकलेली पेन्शन १५ वर्षांनी परत सुरू होते. माझ्या ५३व्या वर्षी १०,००० आपोआप वाढणार आहेत. महागाई भत्ता तर आजही पूर्ण २०,०००वर मिळतो. ओआरओपीत, म्हणजे 'एक हुद्दा, एक पेन्शन' योजनेत, दर ५ वर्षांनी पेन्शन नव्यानं ठरते. दवाखान्याला माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, ईसीएचएसचं, कार्ड आहे. म्हातारपणाची एवढी सोय आमच्या गल्लीत दुसऱ्या कुणाची आहे, सांगा की.

तंगी आत्ता आहे. मुलगी नीटच्या क्लाससाठी लातूरला राहते. मेस, खोली, फी. हे पैसे मला ५८व्या वर्षी नकोत, या जूनमध्ये हवेत. महिन्याचे १,८०० कुणाला किरकोळ वाटत असतील, माझ्या घरात त्यात मेसचं अर्ध बिल भागतं.

साखरपेठकर

मी फौजी नाही. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात पगारपत्रक करतो, म्हणून दोन गोष्टी सांगाव्या वाटल्या.

"हातात जास्त येतील" हे वाक्य तपासून घ्या. तुमचा वाटा कापला जाणार नाही, तेवढा हातात वाढेल, हे खरं. पण मालकाचे १,८०० तुमच्या पगारात मिळवतात का? काही ठिकाणी मिळवतात, काही ठिकाणी ते मालकाकडंच राहतात. नाईकसाहेब, तुमच्या ऑफर लेटरमध्ये काय लिहिलंय ते बघा. मिळवले नसतील तर तुम्ही १,८०० घेऊन १,८०० सोडले.

दुसरी गोष्ट हवालदारसाहेबांसाठी. डोक्यावर पतसंस्थेचं १४ टक्क्यांचं कर्ज असेल तर ८.२५ टक्क्यांच्या फंडात जास्तीचे पैसे घालण्यात अर्थ नाही. सक्तीचा वाटा ठेवा, उरलेलं कर्जात भरा. ते फिटलं की तोच हप्ता व्हीपीएफकडं, म्हणजे पीएफमध्ये स्वेच्छेनं भरायच्या जास्तीच्या वाट्याकडं, वळवा.

होटगीरोड_वाला

पीएफ, एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) सगळं ठीक. पण आमच्या वडिलांनी फंडाचे पैसे काढून जुळे सोलापुरात प्लॉट घेतला, आज त्याच्यावर घर उभं आहे. जमीन घ्या, पस्तावणार नाही.

बँकेतला_एअरमन

प्लॉट दर महिन्याला किराणा आणत नाही, दादा. आणि ७०व्या वर्षी विकायला काढला तर गिऱ्हाईक आपल्या सवडीनं येतं. राहण्यापुरतं घर असावं, त्यापुढची जमीन म्हणजे म्हातारपणाची सोय, हे मी मानत नाही.

माझं उदाहरण वेगळं आहे. एअर फोर्समधून आलो, माजी सैनिकांच्या राखीव जागेतून सरकारी बँकेत क्लार्क झालो. इथं एनपीएस सक्तीचं आहे. बेसिक-डीएच्या १० टक्के माझे कापतात, १४ टक्के बँक घालते. कुणी विचारलंच नाही, म्हणून वादच झाला नाही, आणि तेच बरं झालं. पगार खात्यात येण्याआधी जे कापलं जातं तेवढंच खरं साठतं. उरलेलं साठवू म्हणणाऱ्यांची पासबुकं मी रोज काउंटरवर बघतो.

हवालदारसाहेबांशी माझा मतभेद एवढाच की त्यांनी सगळी मदार पीएफवर ठेवली आहे. ज्याची फौजी पेन्शन पक्की आहे त्यानं २० वर्षांच्या पैशातला थोडा भाग शेअर बाजाराशी जोडलेल्या योजनेत ठेवायला हरकत नाही. पक्कं उत्पन्न घरात आधीच येतंय, मग जोखीम त्यानं नाही तर कुणी घ्यायची? एनपीएस खासगी नोकरीवालासुद्धा स्वतःहून उघडू शकतो.

बार्शीची_ताई

सगळे पेन्शनीचं बोलत आहात, पण पेन्शन कुणाच्या नावावर आहे ते कुणी बोललं नाही.

माझे मिस्टर सुभेदार होते. पेन्शनवर आल्यानंतर एका कारखान्यात लागले, आणि नोकरीत असतानाच हार्ट अटॅकनं गेले. फॅमिली पेन्शन सुरू झाली. पहिली काही वर्षं ती त्यांच्या पेन्शनीइतकीच, म्हणजे शेवटच्या पगाराच्या निम्मी मिळते. ही मुदत ७ वर्षांची, किंवा गेलेला माणूस ६७चा झाला असता तोपर्यंत, यात जे आधी संपेल ते. त्यानंतर ३० टक्क्यांवर येते. नाईकभाऊ, तुमचाच आकडा घ्या. ४०,०००वर २०,०००ची पेन्शन, वहिनींच्या हातात शेवटी १२,०००. महागाई भत्ता वरून मिळतो, नाही म्हणत नाही. पण घरभाडं, वीजबिल, सासूबाईंची औषधं ६० टक्क्यांवर येत नाहीत.

मिस्टरांचा पीएफ कापला जात होता. घरात त्यावरून कुरकूर व्हायची, मीच करायची. ते गेल्यावर फंडाचे पैसे आले आणि सोबत ईडीएलआय नावाच्या विम्याचेही. फंडाचा सभासद नोकरीत असताना गेला तर घरच्यांना जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत तो मिळतो, आणि त्याचा हप्ता मालक भरतो. हे आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी ऑनलाईन नॉमिनेशन करून ठेवलं होतं, म्हणून माझी पायपीट वाचली.

तुम्ही त्या फॉर्मवर सही करता तेव्हा बायकोला विचारता का? एवढंच विचारायचं आहे.

मंगळवेढ्याचा_नाईक

ताई, तुमच्या बोलण्यानं थांबून विचार केला. फॅमिली पेन्शन ३० टक्के होते हे मला माहीत होतं, पण घरातल्या बिलांशी असं जोडून कधी पाहिलं नव्हतं.

तरी माझं मत बदललेलं नाही, कारण त्यावर उपाय विमा आहे. मी टर्म पॉलिसी काढली आहे. उद्या मला काही झालं तर बायकोला मिळणारी रक्कम फंडापेक्षा कितीतरी मोठी असेल. फंडात तीन-चार वर्षांत साठतं किती?

चिंचोळीचा_हवालदार

टर्म पॉलिसी काढलीत, उत्तम केलंत. ती सगळ्यांनी काढावी. पण ती साधारण ६०-६५पर्यंतच घेतली जाते. तुम्ही ७४व्या वर्षी गेलात तर? त्या दिवसापासून वहिनींना ३० टक्केच, कारण ६७ची अट तोवर उलटून गेलेली असेल. विमा अकाली मरणासाठी असतो. वेळेवर आलेल्या मरणानंतर बाईमाणूस कशावर जगतं, त्याचं उत्तर साठवलेल्या पैशातच आहे.

तुमच्या बाजूचाही एक मुद्दा सांगतो, तो इथं यायला हवा. पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना बाकीच्यांना साधारण ६०व्या वर्षी मिळते, आपल्याला फौजेतून आलो म्हणून ५०व्या वर्षी. मर्यादा ३० लाख, सध्या व्याज ८.२ टक्के, दर तीन महिन्यांनी हातात. तुमची विकलेली पेन्शन ५३व्या वर्षी परत येईल तेव्हा हाही दरवाजा उघडा असेल. पण त्यात ठेवायला रक्कम लागते, आणि ती पहिल्या पगारापासून साठवली तरच असते.

माढ्याचा_थोरला

तुम्हा सगळ्यांच्या हातात पेन्शन आहे, म्हणून वर किती साठवायचं यावर वाद चाललाय. आमच्या घरी प्रश्नच निराळा आहे.

धाकटा भाऊ पहिल्या बॅचचा अग्निवीर आहे. जानेवारी २०२३मध्ये ट्रेनिंग सुरू झालं. चार वर्षं संपली की २५ टक्क्यांपर्यंत पोरांना ठेवून घेणार, बाकीचे घरी. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, ईसीएचएस नाही. सेवा निधीचे व्याजासकट ११.७१ लाख, करमुक्त. त्यातले निम्मे त्याच्याच पगारातून दर महिन्याला ३० टक्के कापून ठेवलेले, निम्मे सरकारचे.

पैसे अजून यायचेत आणि त्यांची वाटणी गावात झालीसुद्धा. मामा म्हणतो जेसीबीचं डाऊन पेमेंट कर. चुलते म्हणतात बोअर आणि ठिबक करून डाळिंब लाव. एकजण भिशी चालवतो, तो दोनदा घरी येऊन चहा पिऊन गेला. पोरगं २३ वर्षांचं. त्याला म्हातारपणासाठी ठेव म्हटलं तर तो माझ्याकडं बघतच राहील. तुम्ही काय सांगाल?

बँकेतला_एअरमन

भिशीवाल्याला तिसरा चहा देऊ नका, हे आधी.

चिंचोळीचा_हवालदार

भाऊ, तुमच्या भावासाठी हा धागा आमच्यापेक्षा जास्त कामाचा आहे. आमच्या पाठीशी पेन्शन आहे, सही चुकली तरी उपाशी मरणार नाही. त्याच्या पाठीशी काही नाही, मात्र आमच्याकडं नव्हती ती एक गोष्ट त्याच्याकडं आहे, वय. २३व्या वर्षी बाजूला ठेवलेले २ लाख ८ टक्क्यांनी ३५ वर्षं राहिले तर साडेएकोणतीस लाख होतात. आम्ही ३८व्या वर्षी तेवढेच ठेवले तर २० वर्षांत सव्वानऊ लाख.

म्हणून सगळे ११.७१ लाख अडकवा असं मी सांगणार नाही. त्याला पुढं शिकायचं असेल, भरतीची तयारी करायची असेल, तर वर्ष-दीड वर्षाचा खर्च बँकेत मोकळा ठेवा. धंदा करायचाच असेल तर आधी सहा महिने दुसऱ्याच्या हाताखाली करून बघू दे. पण दोन-तीन लाख असे असावेत की ज्यांची किल्ली मामाकडंही नको आणि तुमच्याकडंही नको. आणि पहिली सिव्हिल नोकरी धरताना एकच अट, पीएफ असलेली. त्याचा पगार १५,०००पर्यंत असेल तर मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातील. १० वर्षं भरली की ५८व्या वर्षी पेन्शनचा हक्क होतो. रक्कम मोठी नसते. १५,०००वर ३५ वर्षं भरली तर सूत्रानं ७,५०० बसतात. पण ज्याच्याकडं काहीच नाही त्याला ते फार आहे.

साखरपेठकर

यात भर घालतो. कंत्राटदार बदलला की नवीन यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) काढू देऊ नका, जुनाच द्या. आणि पगाराच्या स्लिपवर कपात दिसते म्हणून पैसे भरले गेले असं समजू नका. उमंग ॲपवर पासबुक उघडा, त्या महिन्याची नोंद दोन्ही वाट्यांसकट आली आहे का बघा. कापलेले पैसे महिनोन्‌महिने न भरणारे कंत्राटदार माझ्या पाहण्यात आहेत. नोंद नसेल तर लगेच लेखी विचारा. दोन वर्षांनी विचारलं तर कंत्राटदारच जागेवर नसतो.

होटगीरोड_वाला

अग्निवीरासाठी माझंही मत वेगळं आहे. एवढ्या पैशात त्यानं जमीन घेऊ नये. वडिलांनी प्लॉट घेतला तेव्हा त्यांची नोकरी चालू होती. पोराला आधी पगार सुरू होऊ दे.

मंगळवेढ्याचा_नाईक

अग्निवीराच्या बाबतीत हवालदारसाहेबांशी शंभर टक्के सहमत. तिथं "आधी आजचं बघू" म्हणायला मी धजणार नाही.

माझ्या स्वतःच्या बाबतीत मात्र मुलीची बारावी होईपर्यंत मी हातातलाच पगार घेणार. ज्या वयात पोरांवर खर्च करायचा त्याच वयात फौजी नव्यानं नोकरीला लागतो, ही अडचण पुस्तकी हिशेबात येत नाही. ऑफर लेटर आज काढून बघितलं. साखरपेठकर म्हणतात तसं मालकाच्या वाट्याचा त्यात उल्लेखच नाही. उद्या विचारतो. आणि मुलगी मार्गी लागली की पीएफमध्ये येतो, हे इथं लिहून देतो.

चिंचोळीचा_हवालदार

विचाराच. पण एक ध्यानात घ्या. एकदा पीएफ नाकारला आणि पगार मर्यादेच्या वर असला तर नंतर आत यायला तुमचा आणि मालकाचा मिळून अर्ज लागतो. तुमच्या एकट्याच्या इच्छेवर ते होत नाही. म्हणून उद्या जाल तेव्हा दोन वर्षांनी घ्याल का, हेही विचारा, आणि "हो" म्हणाले तर ते मेलवर मागून घ्या.

बार्शीची_ताई

आणि जाताना वहिनींनाही सोबत न्या.