शब्दचर्चा : शहरेस्तान, नफर आणि बेचिराख

प्रश्न : इराणमधल्या खरानक या खेड्यावर मराठीत छोटी नोंद लिहितोय. पत्ता असा आहे : देहेस्तान रबातात, बख्श खरानक, शहरेस्तान अर्दकान, ओस्तान यज्द. शहरेस्तान म्हणजे शहरच ना? शिवाय लोकसंख्येच्या तक्त्यात 'नफर' आणि 'खानेवार' असे दोन रकाने आहेत. नफर म्हणजे नोकर. मग नोकर वेगळे मोजलेत की काय?

— नोकर कुणी नाही हो! फारसीत माणसं मोजताना आकड्यापुढे नफर लावतात. 'से नफर' म्हणजे तीन जणं. उंट मोजतानाही हाच शब्द लावतात. मराठीत येताना तो चाकर होऊन आला, एवढंच. खानेवार म्हणजे कुटुंब, त्यातला 'खाना' आपल्या कारखान्यातला.
शहरेस्तानला मात्र शहर म्हणू नका. त्यात अर्दकान शहर येतं तशी भोवतालची खेडीही येतात, तेव्हा 'जिल्हा' लिहा. ओस्तान म्हणजे प्रांत, देशात 31 आहेत. बख्श म्हणजे वाटा, बक्षीस त्याच घराण्यातलं. तिथे 'तालुका' चालून जाईल.

— देहेस्तान राहिलं. 'देह' म्हणजे गाव, शरीराशी संबंध नाही. मोडी कागदांत 'देहे' म्हणून गावांची संख्या येते, परगण्यातल्या गावांच्या यादीला 'देहझाडा' म्हणत. 'स्तान' हा आपल्या 'स्थान'चा सख्खा भाऊ. मी 'गावगट' लिहीन. 'ग्रामपंचायत' नको, कारण देहेस्तानात अनेक गावं असतात.

प्रश्नकर्ता : आणि गावचा कारभारी? एके ठिकाणी कदखुदा आहे, दुसरीकडे देहयार.

— काळ वेगळा. 'कद' म्हणजे घर, 'खुदा' म्हणजे धनी. हा जुना गावप्रमुख, साधारण आपला पाटील. इस्लामी क्रांतीनंतर तो मागे पडला. गावच्या 'शूरा'च्या, म्हणजे परिषदांच्या, निवडणुका 1999 मध्ये झाल्या. देहयाराला ही परिषद निवडते. शब्दशः 'गावाचा यार', म्हणून मला तो फार आवडतो. पण 'सरपंच' लिहिलंत तर वाचकाला तो थेट मतदानाने आला असं वाटेल. 'देहयार' तसाच ठेवा, एकदा अर्थ द्या. वरचे अधिकारी सोपे : बख्शदार, फर्मानदार (शहरेस्तानचा), ओस्तानदार. फौजदार-सुभेदार ज्याच्या तोंडी आहेत त्याला हे परके वाटायचे नाहीत.

— जनगणनेला फारसीत 'सरशुमारी', म्हणजे अक्षरशः शिरगणती! घरं मोजायची तर आपल्याकडे 'खानेसुमारी'. 'शुमार' म्हणजे मोजणी, मराठीत मात्र 'सुमारे' म्हणजे अंदाजे आणि 'सुमार' म्हणजे यथातथा. मोजणीवरचा आपला विश्वास यातून दिसतो. इराणची पहिली देशव्यापी सरशुमारी 1956 ची, 2016 च्या मोजणीत सुमारे 8 कोटी लोक भरले.
त्या तक्त्यांत प्रत्येक वस्तीला 'आबादी' म्हणतात, कुणीच राहत नसलं तरी. मग शेरा येतो : 'खाली अज सकने', म्हणजे रहिवासी नाहीत. अशी ही ओसाड आबादी.

— त्याला मराठी महसुली कागदांत फारसीच शब्द होता : बेचिराख. बे + चिराग, ज्या गावात दिवा लागत नाही ते. 'राख' आपण मागाहून ऐकली, म्हणून आता जाळपोळ झाल्याशिवाय गाव बेचिराख होत नाही.

— आमच्या विदर्भात अशा गावाला 'रिठी' म्हणतात.

प्रश्नकर्ता : हा शब्द नेमका हवा होता! खरानकची जुनी मातीची वस्ती ओसाड आहे, लोक शेजारीच नव्या घरांत गेले. पण 'जुनं खरानक बेचिराख झालं' लिहिलं तर वाचक विचारील, कुणी जाळलं?

— मग 'ओस पडलं' लिहा. दिव्याची गोष्ट तळटीपेत सांगा.