बड फॉस्टर मुख्य प्रशिक्षक झाले नाहीत, ही चूक होती का?

चौथा_डाउन: अमेरिकन फुटबॉलमधले बचावाचे प्रशिक्षक फॉस्टर १९८७ मध्ये मुख्य प्रशिक्षक फ्रँक बीमर यांच्याबरोबर व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या संघात आले. १९९५ ते २०१९ तिथला बचाव त्यांच्याकडे होता. २००६ मध्ये सर्वोत्तम सहायक प्रशिक्षकाचा ब्रॉइल्स पुरस्कारही मिळाला. तरी २०१५ मध्ये बीमर निवृत्त झाले तेव्हा जागा बाहेरच्या जस्टिन फुएन्टे यांना गेली. माझ्या मते त्यांनी त्याआधीच दुसरीकडे मुख्य पद घ्यायला हवं होतं. अख्खा संघ उभारायला मिळाला नाही, हे नुकसानच.

गॅप_रक्षक: अजिबात पटत नाही. ६ सप्टेंबर २०१४ चा ओहायो स्टेटविरुद्धचा सामना घ्या. फॉस्टरनी 'बेअर' रचना लावली: समोरच्या संघाच्या आघाडीच्या पाच जणांच्या रांगेत मधला सेंटर आणि त्याच्या बाजूचे दोन्ही गार्ड यांच्यासमोर एकेक जण, कडेच्या दोन्ही टॅकलच्या बाहेर एकेक. आतल्या तिघांना आपापला माणूस सोडता येत नाही, त्यामुळे दोघांनी मिळून एकाला ढकलणं जमत नाही आणि मधली धाव बंद होते. मागे खोल सेफ्टी (शेवटचा बचावपटू) ठेवलाच नाही. नवखा क्वार्टरबॅक (पास फेकणारा) जे. टी. बॅरेट: २९ पैकी ९ पास पूर्ण, ३ इंटरसेप्शन (बचावाने पकडलेले पास), ७ सॅक (पास फेकण्याआधीच पाडणं). निकाल ३५-२१, टेकच्या बाजूने. तोच ओहायो स्टेट पुढे राष्ट्रीय विजेता ठरला! असा आराखडा रचायला मुख्य प्रशिक्षकाला सवड कुठून मिळणार?

खोल_सेफ्टी: गॅप_रक्षक, किंमतही सांगा ना. त्या ९ पासांतच २१९ यार्ड गेले. कॉर्नर (पास झेलणाऱ्याला अडवणारा) एकदा चुकला की मागे कुणीच नसतं. दबाव पोचायला अर्धा सेकंद उशीर झाला तरी संपलं. दर आठवड्याला हे चालत नाही.

गॅप_रक्षक: दर आठवड्याला लावायचं नव्हतंच. अननुभवी लाइन (आघाडीची रांग) आणि नवा क्वार्टरबॅक हेरून लावलं, कौशल्य तिथेच आहे.

पंधरा_सेकंद: ब्रेंट व्हेनेबल्स यांचं उदाहरण बघा. क्लेमसनच्या २०१६ आणि २०१८ च्या विजेतेपदांत बचाव त्यांचा. ओक्लाहोमाचे मुख्य झाल्यावर २०२२ ला ६-७ (विजय-पराभव), २०२३ ला १०-३, २०२४ ला पुन्हा ६-७. कॉल देणं, म्हणजे प्रत्येक खेळीआधी रचना ठरवून कळवणं, हे पूर्ण वेळचं काम आहे. दोन खेळींमधलं घड्याळ ४० सेकंदांचं, आणि २०२४ पासून हेल्मेटमधला रेडिओ १५ उरले की बंद होतो. म्हणजे समोर कोण आत आलं ते बघून, रचना ठरवून, ती सांगायला जेमतेम २५ सेकंद. त्यातच चौथ्या डाउनचा (शेवटच्या प्रयत्नाचा) आणि टाइमआउटचा निर्णयही त्याच माणसाने घ्यायचा?

चौथा_डाउन: पण २०२५ मध्ये व्हेनेबल्सनी बचावाचे कॉल स्वतःकडे घेतले आणि ओक्लाहोमा प्लेऑफमध्ये (विजेतेपदाच्या बाद फेरीत) पोचलं. दोन्ही कामं एकाला जमतात. फॉस्टरना ती संधीच मिळाली नाही, माझी तक्रार एवढीच आहे.