किलिंग्टनचे बदलते मालक
मोठी कंपनी आली की स्की रिसॉर्टचं भलंच होतं, हे मत मला अजिबात पटत नाही. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातलं किलिंग्टन हे स्की रिसॉर्ट घ्या. प्रेस्टन स्मिथ यांनी ते १९५८ च्या डिसेंबरात सुरू केलं. १९९६ मध्ये ते अमेरिकन स्कीइंग कंपनीकडे गेलं, २००७ मध्ये पाउडर कंपनीकडे. सुरुवातीच्या भागधारकांना मिळालेले आजीवन पास मग नव्या मालकाने मानलेच नाहीत! आमच्या गिरगावात चाळीचा मालक बदलला की पागडीवाल्यांच्या पोटात गोळा येतो, तो याच भीतीने. पिवळी पडलेली भाडेपावती हातात धरून जिन्यात उभे असलेले बाबा मला अजून दिसतात. २०२४ मध्ये मात्र तिथलेच जुने पासधारक पुढे झाले आणि स्थानिक गुंतवणूकदारांना सोबत घेऊन त्यांनी किलिंग्टन विकत घेतलं. फार बरं वाटलं ते वाचून.